सही दिसली म्हणून खरी मानायची नाही

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात प्रत्येक घरात कागदपत्रांची एक फाईल जपून ठेवलेली असते. मुलांच्या अंकसूच्या, मूल निवासी प्रमाणपत्र, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शेतीचा खसरा, आणि ज्यांची थोडीफार जमीन वरूड, नरखेड, सावनेरकडे आहे त्यांच्याकडे महाराष्ट्राचा सातबाराही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या फाईलमधले बरेच कागद बदलले. अधिकाऱ्याची शाईची सही आणि गोल शिक्का जाऊन तेथे एक छापील चौकोन आला. त्यात नाव, तारीख, वेळ आणि ‘डिजिटली साइन्ड’ असे शब्द असतात. या कागदावर हाताच्या सहीची गरज नाही, अशा अर्थाची ओळही बहुधा खाली असते.

हा बदल चांगलाच झाला. २०१० साली मध्यप्रदेशात लोकसेवा गारंटीचा कायदा आला, लोकसेवा केंद्रे उघडली, आणि दाखल्यासाठी बाबूच्या टेबलापुढे ताटकळणे बरेच कमी झाले. पण या बदलाबरोबर जी एक गोष्ट शिकायला हवी होती ती राहून गेली. शाईची सही डोळ्यांनी पाहायची असते. डिजिटल सही डोळ्यांना दिसतच नाही. कागदावर दिसतो तो चौकोन म्हणजे सही नव्हे, ते सहीचे चित्र आहे. खरी सही फाईलच्या पोटात असते आणि ती संगणकाकडून तपासून घ्यावी लागते. ही तपासणी आपल्या शाळेच्या नववी-दहावीच्या मुलांना आलीच पाहिजे आणि शाळेनेही ती स्वतःपासून सुरू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याला याची गरज जास्त का?

आपण सीमेवरची माणसे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही आपली राजधानी होती. त्यानंतर भोपाळ झाली. घरातली भाषा मराठी, कचेरीतली हिंदी. सोयरीक, बाजार, दवाखाना आणि मुलांचे कॉलेज बरेचसे नागपूर-अमरावतीकडे. त्यामुळे आपले कागद नेहमी राज्याची वेस ओलांडतात. तिकडच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला ‘मूल निवासी’ म्हणजे अधिवास, ‘अंकसूची’ म्हणजे गुणपत्रिका, पटवारी म्हणजे तलाठी, हे प्रत्येक वेळी समजावून सांगावे लागते. तो आपल्या तहसीलदारांची सही ओळखत नाही, आणि त्याने ओळखावी अशी अपेक्षाही नाही.

त्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली. आता एकाच घरात थोरल्या मुलीच्या दाखल्यावर ‘जिल्हा छिंदवाडा’ आणि धाकट्या मुलाच्या दाखल्यावर ‘जिल्हा पांढुर्णा’ असते. दोन्ही खरे. पण परक्या माणसाला दोन्हींविषयी शंका येऊ शकते. अशा वेळी आपण हुज्जत घालतो, ओळखीचा माणूस शोधतो किंवा पुन्हा तहसिलीच्या वाटेला लागतो. खरे उत्तर तर फाईलमध्येच असते. ही सही कोणाची, कोणत्या दिवशी झाली, आणि त्यानंतर मजकुरात काही बदल झाला का, हे ती फाईल स्वतः सांगते. फक्त तिला विचारता आले पाहिजे.

शिक्कामोर्तब

कागदाचा खरेपणा राखणे ही काही नवी चिंता नाही. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज वापरतो. तो मराठी राज्यकारभारातला आहे. त्या काळच्या पत्रावर मुख्य मुद्रा माथ्यावर असे आणि मजकूर जेथे संपला तेथे मोर्तबाची लहान मुद्रा उमटवीत. येथे मर्यादा झाली, यापुढे एक अक्षरही आमचे नाही, असा तिचा अर्थ. म्हणजे पत्र वाटेत कोणाच्या हाती पडले तरी खाली दोन ओळी वाढवता येऊ नयेत. पत्रात एखादी ओळ स्वतःच्या हाताने लिहिली तर ते ‘दस्तुरखुद्द’. आपला हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, तेव्हा ही रीत आपल्या पूर्वजांना परकी नव्हती.

या रीतीत तीन प्रश्नांची उत्तरे होती: पत्र कोणाचे, मजकूर तोच आहे का, आणि तो कोठे संपतो? डिजिटल सहीही नेमकी हीच तीन उत्तरे देते, फक्त शाई आणि मेणाऐवजी गणिताने.

ते गणित थोडक्यात असे. कोणत्याही फाईलवर, मग ती एका ओळीची असो वा हजार पानांची, संगणक एक हिशेब करतो आणि तिचा एक ठरावीक लांबीचा ठसा काढतो. एसएचए-२५६ नावाच्या रीतीने काढलेला ठसा ६४ अक्षर-अंकांचा असतो. फाईलमधला एक काना किंवा एक स्वल्पविराम बदला, ठसा पार बदलून जातो. अधिकाऱ्याजवळ दोन किल्ल्यांची जोडी असते. एक गुप्त, जी त्याच्या यूएसबी टोकनमध्ये, म्हणजे ज्याला आपण डोंगल म्हणतो त्यात, पिन टाकून बंद असते. दुसरी जाहीर, जी कोणालाही दिली तरी चालते. गुप्त किल्लीने त्या ठशावर सही होते आणि जाहीर किल्लीने ती तपासता येते. जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली काढणे व्यवहारात शक्य नाही, आणि सगळी मदार त्यावरच आहे.

आपल्या देशात याला कायद्याचा आधार आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि डिजिटल सहीला हाताच्या सहीचा दर्जा मिळाला. ‘ही जाहीर किल्ली अमुक अधिकाऱ्याचीच’ असे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना परवाना देण्यासाठी केंद्र सरकारचे एक नियंत्रक कार्यालय आहे. पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक ही अशा परवानाधारक संस्थांपैकी एक. सर्वांच्या वर भारताचे मूळ प्रमाणपत्र. म्हणजे आपल्या दाखल्यावरच्या सहीपासून थेट दिल्लीपर्यंत एक साखळी असते.

आपण सध्या काय करतो?

सध्या बहुतेक जण तीनपैकी एक गोष्ट करतात. पहिली, चौकोन पाहून समाधान मानतात. पण चौकोन कोणालाही चिकटवता येतो. त्याला डोंगल लागत नाही, साधा फोटो जोडण्याचा प्रोग्राम पुरतो. दुसरी, एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर जाऊन प्रिंट काढतात आणि फाईल फेकून देतात. छापलेल्या कागदात डिजिटल सही उरत नाही. मोहोर मोडून लिफाफा जपावा तसा हा प्रकार. तिसरी, ज्या फॉर्मला दोनशे केबीची मर्यादा असते त्यासाठी फाईल ‘लहान’ करून घेतात. फाईल दाबून लहान केली की सही जाते किंवा मोडते. स्क्रीनशॉट काढला, फोटो काढून पुन्हा पीडीएफ केली, तरी तेच. म्हणून मूळ फाईल जशी मिळाली तशी वेगळी जपा आणि फॉर्मपुरती तिची नक्कल लहान करा. शक्य असेल तेथे कागद थेट डिजिलॉकरमधून द्या. २०१६ च्या नियमांनी तेथल्या दाखल्यांना मूळ कागदाचा मान दिला आहे.

काही जण म्हणतील, पीडीएफ उघडली की हिरवी खूण दिसते ना, मग झाले. ई-आधारची फाईल उघडणाऱ्यांना उलटा अनुभव आहे. तेथे पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि लोक घाबरतात. त्याचा अर्थ सही खोटी असा नसून ‘या सहीची साखळी मला माहीत नाही’ एवढाच असतो. आणि हिरव्या खुणेवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ च्या फेब्रुवारीत दाखवून दिले की त्यांनी तपासलेल्या २२ पीडीएफ वाचकांपैकी २१ फसवता येत होते. सही झालेल्या फाईलमध्ये मजकूर बदलूनही खूण ‘बरोबर’चीच येत होती. कंपन्यांनी त्यानंतर दुरुस्त्या केल्या, पण धडा कायम आहे. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते.

काळी खिडकी आणि तीन ओळी

माझा आग्रह असा की मुलांना खूण पाहायला नव्हे, उत्तर वाचायला शिकवावे. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. लिनक्सवर ‘पॉपलर-युटिल्स’ नावाचा मोफत संच मिळतो. त्यात ‘पीडीएफसिग’ नावाची एक आज्ञा आहे. टर्मिनलची काळी खिडकी उघडायची, इंग्रजी अक्षरांत पीडीएफसिग टाइप करायचे, एक जागा सोडून फाईलचे नाव लिहायचे आणि एंटर दाबायचे. जुन्यात जुना संगणकही हे काम क्षणात करतो.

फाईलमध्ये सहीच नसेल तर ही आज्ञा सरळ सांगते की या फाईलमध्ये एकही सही नाही. चिकटवलेल्या चित्राचे बिंग येथेच फुटते. सही असेल तर काही ओळी येतात. त्यांत सही करणाऱ्याचे नाव, सहीची वेळ आणि ठशाची रीत असते. त्यानंतरच्या तीन ओळी मुलांनी पाठ कराव्यात.

पहिली ओळ सांगते की संपूर्ण दस्तऐवजावर सही आहे की नाही. हेच आपले मोर्तब! ‘टोटल डॉक्युमेंट साइन्ड’ आले तर फाईलच्या शेवटच्या अक्षरापर्यंत सही पोचली आहे. ‘नॉट टोटल’ आले तर सही झाल्यावर कोणीतरी काही जोडले आहे. ते निरुपद्रवी असेल, दुसऱ्या अधिकाऱ्याची सहीही असेल. पण पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही.

दुसरी ओळ सहीची: ‘सिग्नेचर इज व्हॅलिड’. याचा अर्थ ज्या भागावर सही झाली तो भाग जसाच्या तसा आहे. आकडा, नाव, गुण काहीही बदललेले असेल तर ही ओळ येणार नाही.

तिसरी ओळ प्रमाणपत्राची. येथे बऱ्याचदा ‘इश्यूअर अननोन’ असे येते आणि माणूस गोंधळतो. सही बरोबर, मग हे काय? तर संगणक म्हणतो आहे: गणित जुळले, पण ही किल्ली ज्याच्या नावावर आहे तो खरोखर तोच, हे सांगणारा साक्षीदार माझ्या ओळखीचा नाही. भारताचे मूळ प्रमाणपत्र नियंत्रक कार्यालयाच्या संकेतस्थळावरून घेऊन संगणकाच्या विश्वासू यादीत एकदा टाकावे लागते. पहिल्या दोन ओळी जुळल्या आणि तिसरी जुळली नाही, तर काम अर्धे झाले असे समजावे. लबाड माणूसही स्वतःची किल्ली घरी बनवून तिला कोणत्याही अधिकाऱ्याचे नाव देऊ शकतो. तेव्हा दुसरी ओळ बरोबर येईल. पकडला जाईल तो तिसऱ्या ओळीत.

कधी ‘सर्टिफिकेट हॅज एक्स्पायर्ड’ असेही येते. अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र दोन-तीन वर्षांचे असते, म्हणून जुन्या दाखल्यावर हे येणारच. सहीची तारीख प्रमाणपत्राच्या मुदतीत बसते का, ते पाहावे. तारखेवरून आणखीही कळते. ‘जिल्हा पांढुर्णा’ असा मजकूर आणि सही २०२१ ची, असे दिसले तर विचारणा करायलाच हवी. तेव्हा हा जिल्हा नव्हता. ‘जिल्हा छिंदवाडा’ आणि सही २०२१ ची, तर दोन्ही जुळते. खिडकीवरच्या माणसाला हेच शांतपणे दाखवता आले तर हुज्जतीचे कारण उरत नाही.

काळ्या खिडकीचा दुसरा फायदा शाळेच्या कार्यालयाला. प्रवेशाच्या दिवसांत शे-दोनशे फाईली येतात. एकेक उघडून खूण पाहायला आठवडा जाईल. हीच आज्ञा सगळ्या फाईलींवर एकापाठोपाठ चालवून उत्तरांची यादी काढता येते, आणि ज्यांत सही नाही किंवा मोडली आहे तेवढ्याच बाजूला निघतात. त्या पालकांवर संशय घ्यायचा नाही. बहुतेकांनी फाईल लहान करून आणलेली असेल. ‘मूळ फाईल आणा’ एवढे सांगितले की झाले.

सॉफ्टवेअरवरची सही

सही फक्त दाखल्यांवर नसते. संगणकात आपण जे प्रोग्राम घालतो त्यांवरही निर्माते सही करतात, आणि ती तपासण्याचे सर्वांत जुने व विश्वासाचे मोफत हत्यार म्हणजे ‘जीपीजी’. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये ‘पीजीपी’ हा प्रोग्राम लोकांना दिला. त्याच रीतीवर जर्मनीच्या वर्नर कोख यांनी १९९७ पासून जीपीजी लिहिला.

याची गरज काय, हे फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या बाबतीत दिसले. या लोकप्रिय प्रणालीच्या संकेतस्थळात एक हॅकर शिरला आणि डाउनलोडचा दुवा बदलून त्याने आपली विषारी फाईल लावली. त्या दिवशी ज्यांनी फाईल उतरवून घेतली त्यांच्या संगणकाला चोरदरवाजा बसला. पानावर फाईलचा ठसाही छापलेला होता, लोकांनी ताडून पाहावा म्हणून. हॅकरने तोही बदलून ठेवला! एवीतेवी तो तपासतो कोण, अशा अर्थाचे उद्गार त्याने एका पत्रकारापाशी काढल्याचे तेव्हा छापून आले होते. ठसा आणि फाईल एकाच जागी ठेवली तर चोर दोन्ही बदलतो. सहीचे तसे नाही. सही करायला गुप्त किल्ली लागते, आणि ती संकेतस्थळावर नसते.

जीपीजीने तपासताना आज्ञेपुढे दोन आडव्या रेघा देऊन ‘व्हेरिफाय’ लिहायचे, मग सहीच्या फाईलचे नाव, मग मूळ फाईलचे. उत्तर ‘गुड सिग्नेचर’ किंवा ‘बॅड सिग्नेचर’ असे येते. पण ‘गुड’च्या खाली बहुधा एक इशाराही असतो की ही किल्ली खरोखर त्याच माणसाची, याचा पुरावा माझ्याजवळ नाही. पुष्कळ जण ‘गुड’ वाचून थांबतात. थांबायचे नसते. त्याखाली किल्लीचा ठसा छापलेला असतो, ४० अक्षर-अंकांचा, चार-चारच्या दहा गटांत. तो दुसऱ्या एखाद्या मार्गाने मिळालेल्या ठशाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायचा. दुसऱ्या मार्गाने, हे महत्त्वाचे. ज्याच्यावर शंका आहे त्यालाच त्याचे प्रमाणपत्र मागून काय उपयोग?

आमच्या पत्रिकेला एक काम

आणि येथे आपल्या जुन्या समाजाची ताकद कामी येते. मोठ्या शहरात शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. आपल्याकडे मुख्याध्यापक, लिपिक, पालक सगळे एकमेकांच्या घरचे. पोळ्याला, लग्नाला, जामसावळीला भेटणारे. ही पत्रिका कागदावर छापून घरोघरी जाते. परगावच्या हॅकरला संकेतस्थळ बदलता येईल, पण तुमच्या फळीवर पडलेली पत्रिका बदलता येणार नाही!

म्हणून माझी सूचना अशी. शाळेने स्वतःची जीपीजीची एक किल्ली तयार करावी. तिचा दहा गटांचा ठसा पत्रिकेच्या मुखपृष्ठाच्या आत छापावा आणि सूचना फलकावर लावावा. मग शाळेची प्रत्येक सूचना, वेळापत्रक, सुटीचे पत्र सहीसह पाठवावे. पावसाळ्यात ‘उद्या शाळेला सुटी’, परीक्षेच्या दिवसांत ‘पेपर पुढे ढकलला’ अशी पत्रे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. जुन्या पत्राची तारीख बदलून पाठवणारा महाभाग कोठेही असतो. घरात एखादा नववीचा मुलगा किंवा मुलगी असेल तर दोन मिनिटांत सांगू शकेल की हे शाळेचे आहे की कोणाच्या सुपीक डोक्यातले.

सही म्हणजे सत्य नव्हे

एक गोष्ट मात्र मुलांना पहिल्याच तासाला सांगावी, नाहीतर अर्धवट ज्ञान जास्त नडेल. सही सांगते की हा मजकूर अमक्याच्या किल्लीने बंद झाला आणि नंतर बदलला नाही. मजकूर खरा आहे, असे ती सांगत नाही. खसऱ्यात क्षेत्र चुकीचे नोंदले आणि त्यावर रीतसर सही झाली, तर सही बरोबर आणि क्षेत्र चूकच.

मार्च २०२४ मध्ये जगभरच्या लिनक्स संगणकांवर असेच संकट येता येता टळले. ‘एक्सझेड’ नावाच्या एका लहानशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रोग्राममध्ये चोरदरवाजा सापडला. तो बाहेरच्या चोराने घातला नव्हता. दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास मिळवलेल्या, टोपणनावाने वावरणाऱ्या एका सहकाऱ्याने तो घातला होता आणि त्या फाईलींवर सहीही त्याचीच होती. तपासली असती तर ‘गुड सिग्नेचर’ आले असते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणक क्षणभर जास्त वेळ घेतो आहे असे जाणवले, म्हणून ते उघडकीस आले.

साखळीच्या वरच्या कड्याही सरकतात. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या नावाची बनावट प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. नियंत्रकांनी ती प्रमाणपत्रे तातडीने रद्द केली, आणि गूगलने आपल्या ब्राउझरमध्ये भारतीय साखळीला मोजक्याच संकेतस्थळांपुरते मर्यादित केले. म्हणूनच ‘अननोन’ची ओळ आली की चिडू नये, समजून घ्यावे.

आणि डोंगलविषयी. कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे गुप्त किल्ली आपल्या ताब्यात राहील याची काळजी घेणे हे ती धारण करणाऱ्याचे कर्तव्य आहे. डोंगल आणि पिन दोन्ही ऑपरेटरच्या हाती देऊन साहेब दौऱ्यावर जाणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे. गणित कितीही पक्के असो, किल्ली खुंटीवर टांगली तर कुलपाचा काय उपयोग? आज आपल्या वर्गात बसलेल्या मुलांपैकीच कोणी उद्या तहसीलदार, पटवारी, सरपंच, लेखापाल होणार आहे. ही सवय त्यांना आत्ताच लावायची आहे.

काही आक्षेप

हे सगळे शिकवायला वेळ कोठे आहे, असा प्रश्न शिक्षक विचारतील. माझ्या मते चार तास पुरेत. पहिल्या तासाला एका फाईलचा ठसा काढून, एक काना बदलून, पुन्हा ठसा काढून दाखवावा. मुलांना त्याची गंमत वाटते. दुसऱ्या तासाला घरचा एखादा दाखला पीडीएफसिगने वाचावा. तिसऱ्याला प्रत्येकाने आपली किल्ली बनवून मित्राला सही केलेले पत्र पाठवावे. चौथ्याला शिक्षकांनी पाच फाईली द्याव्यात, त्यांतल्या दोन बिघडवलेल्या, आणि मुलांनी त्या शोधाव्यात. अभ्यासाचा ताण नाही, पुस्तकही नको.

क्यूआर कोड असताना ही उठाठेव कशाला, असे पालक म्हणतील. क्यूआर कोड जरूर पाहा. पण तो बहुधा एक पत्ता असतो, आणि खोटा कागद बनवणारा खोट्या पत्त्याचा कोडही छापू शकतो. कोड उघडल्यावर सरकारी पत्ताच आला का, हे अक्षरे वाचून पाहावे लागते. म्हणजे येथेही डोळे मिटून चालत नाही.

इंग्रजी उत्तरे मुलांना समजतील का, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी तीन ओळींचा मराठी व हिंदी अर्थ एका पुठ्ठ्यावर लिहून संगणक खोलीत टांगावा. काम दहा मिनिटांचे आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांनी कागद वाचल्याशिवाय अंगठा देऊ नये म्हणून रात्रीच्या शाळा काढल्या, मुलींना शिकवले. अंगठ्यापासून सहीपर्यंत यायला आपल्याला दोन पिढ्या लागल्या. आता सही करता येणे पुरेसे नाही. दुसऱ्याची सही तपासता येणे हीच आजची साक्षरता आहे. येत्या सत्रात शाळेने शनिवारचे चार तास यासाठी द्यावेत, आणि ज्या माजी विद्यार्थ्यांना संगणकाचे काम येते त्यांनी सुटीत गावी आल्यावर एकेक तास घ्यावा, अशी व्यवस्थापनाला व वाचकांना नम्र विनंती आहे.